बटणाची वहिवाट

‘स्मार्ट’ म्हणून विकले जाणारे दिवे ज्यांच्या घरी नव्याने आले आहेत, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाण्याचा योग आलाच, तर छताकडे पाहून कौतुक करण्याआधी भिंतीवरचा बोर्ड एकवार निरखून पाहावा. तेथे बटणांच्या रांगेतील एखाददुसऱ्या बटणावर चिकटपट्टी आडवी ओढलेली असते, तिच्याखाली वहीच्या कागदाचा कपटा असतो आणि त्यावर घरातल्या शाळकरी मुलाच्या अक्षरात ‘बंद करू नये’ असा हुकूम लिहिलेला असतो. शहाणपणाची एवढी जाहिरात करीत घरात आलेल्या वस्तूला आपले शहाणपण टिकवण्यासाठी चिकटपट्टीचा आधार घ्यावा लागावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विनोदी वाटेल खरी. परंतु तिच्या तळाशी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती आज वाचकांपुढे रीतसर दाखल करावी असे मला वाटते.

तक्रारीचे कारण यंत्रातच आहे. स्मार्ट दिव्याच्या पोटात, उजेड देणाऱ्या भागाच्या शेजारी, एक चिमुकला रेडिओ बसवलेला असतो. तो वाय-फायने किंवा झिग्बी नावाच्या दुसऱ्या एका बिनतारी पद्धतीने घरातल्या राऊटरशी अथवा हब म्हटल्या जाणाऱ्या जोडणीच्या पेटीशी अहोरात्र संधान राखून असतो, आणि मोबाइलवरून, तोंडी बोलून किंवा आधी ठरवून दिलेल्या वेळेला सुटलेला हुकूम त्या रेडिओलाच ऐकू जातो. भिंतीवरचे बटण बंद केले की फेजची तार तुटते, दिव्यापर्यंत वीज पोहोचत नाही, रेडिओ बहिरा होतो, आणि मग मोबाइलवर कितीही बोटे आपटली तरी दिवा ढिम्म हलत नाही. म्हणजे दिवा शहाणा राहावा म्हणून बटण कायमचे चालू ठेवायचे, आणि ते चालू राहावे म्हणून त्यावर पहारा बसवायचा. या जागरणाची किंमतही वीजबिलात मोजावी लागते: न पेटलेला असा एक दिवा नुसता कान टवकारून बसण्यासाठी साधारण अर्धा वॅट घेतो असे धरले, तर वर्षाकाठी सव्वाचार युनिटांहून अधिक वीज त्यात जाते, आणि नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा रोज चार तास लावला तर तो वर्षभरात सुमारे तेरा युनिटेच काय ती खातो. याहून चिंतेची बाब अशी की, मोबाइलवरून ‘बंद’ केलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जिवंतच असते, आणि स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्या माणसाला, खोलीत अंधार आहे म्हणून, ती नाही असे वाटत असते.

आता ही सगळी व्यवस्था एखाद्या मनोऱ्यातील दिवाणखान्यातून उचलून पाचूबंदरात नेऊन पाहू. वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जेथे समुद्राला मिळते त्या टोकापाशी किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे आहेत. घराला घर टेकलेले, गल्ल्या अरुंद, आणि मोसमात किनाऱ्यावर वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगाच रांगा. येथल्या लोकांना नव्या यंत्रांची धास्ती आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्यांचे वाडवडील ताऱ्यांवर आणि पाण्याच्या रंगावर मार्ग काढीत, त्यांच्या बोटींवर आज जीपीएस आहे, माशांचा थवा कोठे आहे ते दाखवणारा फिश फाइंडर आहे, वायरलेस आहे. नवी वस्तू उपयोगाची ठरली की कोळ्याइतक्या तत्परतेने ती स्वीकारणारा दुसरा व्यावसायिक मला तरी ठाऊक नाही. परंतु हे सारे स्वीकारताना तांडेलाने सुकाणूवरचा हात काढलेला नाही, आणि बोटीवरचे डाव्या अंगाचे लाल व उजव्या अंगाचे हिरवे दिवे आजही हाताच्या अंतरावरच्या बटणानेच लागतात.

अशा वस्तीत स्मार्ट दिव्याचे जे पहिले आकर्षण, म्हणजे ‘वेळापत्रक’, तेच मुळी लटके पडते. संध्याकाळी साडेसहाला ओटीवरचा दिवा लागावा, रात्री अकराला विझावा आणि पहाटे पाचला स्वयंपाकघर उजळावे, ही मांडणी कचेरीत जाणाऱ्या माणसाला सोयीची आहे यात संशय नाही. पण जेथे घराचे घड्याळ भरती-ओहोटीच्या हाती आहे आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेथे आज पहाटे तीनला उठायचे, दोन दिवसांनी साडेचारच्या पुढे आणि आठवड्याने भलत्याच प्रहरी. बोट लागली की घरातल्या बाया टोपल्या घेऊन किनाऱ्याला धावतात, बर्फ आणायचा असतो, मासळी निवडायची असते, गाडी चुकली तर बाजार चुकतो. त्या घाईत अंधाऱ्या घरात शिरलेल्या माणसाचा हात सवयीने भिंतीवर जातो, आणि वर्षानुवर्षे त्याच जागी असलेल्या बटणावर अचूक पडतो. ते बटण चिकटपट्टीखाली असले, किंवा आदल्या रात्री कोणी सवयीनेच बंद करून ठेवले असले आणि आता दिवा कसा लावायचा ते ज्याच्या मोबाइलमध्ये आहे तो मुलगा किनाऱ्यापासून इतका दूर गेलेला असला की तेथे नेटवर्कची एक रेघही उमटत नाही, तर त्या घरातल्या आजीने काय करावे, याचे उत्तर खोक्यावरच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ज्याने तो दिवा कल्पिला, त्याच्या कल्पनेतल्या घरात एकटा तरुण राहतो, त्याचा मोबाइल सदैव भारलेला असतो आणि त्याच्याकडे न विचारता कोणी शिरत नाही. पाचूबंदरात न विचारता शिरणारी शेजारीण हीच घराची पहिली राखणदार असते.

विजेच्या लहरीविषयी वसईकरांना मी काही सांगावे असे नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा प्रदेश पाण्याखाली गेला, तेव्हा कित्येक वसाहतींनी दिवसाहून अधिक काळ अंधारात काढला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई महानगराचीच वीज गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवरचे खांब आणि तारा लोळवल्या. हे मोठे प्रसंग झाले. पावसाळ्यात दिवसाकाठी दोनचार वेळा लाइट जाणे-येणे याची तर कोणी नोंदही ठेवत नाही. आता साधा दिवा वीज गेली की विझतो आणि परत आली की, बटण जसे असेल तसा, पेटतो किंवा विझलेला राहतो. कित्येक स्मार्ट दिव्यांची चाल निराळी आहे. वीज परतताच ते पूर्ण तेजाने उजळतात, मग ती रात्रीची अडीचची वेळ का असेना, आणि बटण चालूच ठेवण्याचा दंडक असल्यामुळे घरातले सर्व दिवे एकदम उजळून झोपलेल्यांना उठवून बसवतात. यात कारखानदाराचा निव्वळ निष्काळजीपणा आहे असेही नाही. मोबाइल हाताशी नसेल तर बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावर तरी उजेड मिळावा, म्हणून ही मुभा त्याने ठेवली; पुढे काही कंपन्यांनी वीज परतल्यावर दिव्याने कसे वागावे हे ठरवण्याची सोयही दिली. पण दुसरा एक प्रकार याहून मासलेवाईक आहे. वाय-फायवर चालणारे अनेक स्वस्त दिवे लागोपाठ तीन किंवा पाच वेळा बंद-चालू केले की ‘मला नव्याने जोडून घ्या’ म्हणून लुकलुकू लागतात, आणि वादळी संध्याकाळी तारांनी तेवढे हेलकावे खाल्ले की कोणी हात न लावताच दिव्याची स्मृती पुसली जाते. वीज जेथे अखंड असते त्या मुलुखासाठी ठरवलेला संकेत येथे पावसाळ्याच्या नित्याच्या खोड्यांशी तंतोतंत जुळतो, हे ज्याने तो ठरवला त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

हुकुमाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पलंगावर पडून ‘दिवा बंद कर’ म्हटले की तो शब्द अनेकदा घरातल्या घरात राहत नाही. तो राऊटरमधून बाहेर पडतो, दूर कोठेतरी, प्रसंगी परदेशात, असलेल्या सर्व्हरपर्यंत जातो, तेथे त्याचा अर्थ लावला जातो आणि मग तो चार हातांवरच्या दिव्याकडे परत येतो. समुद्राखालून येणाऱ्या कित्येक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे एका कोळीवाड्यातला दिवा विझवण्याची आज्ञा दुसऱ्या कोळीवाड्यावरून समुद्र ओलांडून यावी, असेही घडू शकते. इतक्या लांबच्या दफ्तराशी घरचा व्यवहार जोडला की त्या दफ्तराला कुलूप लागले तर काय होते, याचे दाखले जमा झालेले आहेत. गूगलच्या छत्राखालील नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६ मध्ये बंद केला आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली पेटी निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय थांबले. तेव्हा एक गोष्ट मात्र त्या ग्राहकांना सावरून गेली, ती अशी की त्यांच्या भिंतींवरची इन्स्टिऑनची बटणे हाताने दाबली असता दिवे लावीत व मालवीत राहिली. माझ्या म्हणण्याचा सारा आशय या एका घटनेत आहे.

महसुली कायद्यात वहिवाट म्हणून एक हक्क मानला जातो. शेत कोणाच्याही नावावर असो, त्यातून गावकरी वर्षानुवर्षे विहिरीकडे किंवा शिवाराकडे जात आले असतील, तर मालकाला एके सकाळी काटे टाकून ती वाट बंद करता येत नाही, आणि केलीच तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट अधिनियमाखाली दाद मागता येते. भिंतीवरचे बटण हा घरातल्या उजेडाकडे जाणारा असाच वहिवाटीचा रस्ता आहे. घर कोणाचे, वीजबिल कोण भरतो, हे न विचारता आजी, सून, पाहुणा, मोलकरीण, रात्री तपासायला आलेले डॉक्टर, शेजारचे पाच वर्षांचे पोर, सगळे त्याच्यावरून जातात. त्याला पासवर्ड नाही, त्याची भाषा नाही, आणि ते वापरण्यासाठी कोणाच्या नावे मुखत्यारपत्र लागत नाही. दिवा मोबाइलच्या स्वाधीन झाला की ही वाट बुजते, आणि ज्याच्या मोबाइलवर अॅप आहे तो, त्याच्या मनात तसे काही नसतानाही, घरातल्या उजेडाचा जहागीरदार बनतो. कित्येक घरांत तो थोरला मुलगा असतो. ज्या बाईचे अर्धे आयुष्य त्या खोलीत गेले, तिने तेथे दिवा लावण्यासाठी त्याला हाक मारावी, हे मला अप्रशस्त वाटते.

तथापि स्मार्ट दिव्यांचा पक्ष अगदीच दुबळा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याची बळकट बाजू पाचूबंदरातच अधिक स्पष्ट दिसते. मासळी साफ करीत बसलेल्या बाईचे हात ओले, खवल्यांनी भरलेले आणि मिठाचे असतात. खारे पाणी विजेचे फार चांगले वाहक, आणि ओल्या हाताने बटणाला हात लावू नये हे सर्वांना पाठ असले तरी अंधार पडल्यावर दर वेळी उठून, हात धुऊन, पुसून दिवा लावण्याइतकी सवड त्या कामात नसते. अशा वेळी नुसते बोलून दिवा लागला, किंवा माणसाची चाहूल लागताच मोरीतला दिवा आपोआप उजळला, तर ती चैन नसून सुरक्षितता आहे. खारा वारा बटणांनाही सुखाने नांदू देत नाही. पितळी संपर्कांवर हिरवट कीट चढते, दाबताना आत चुरचुर आवाज येतो, बोर्ड गरम होतो, आणि वायरमनने बदललेले बटण थोड्याच वर्षांत पुन्हा बदलण्याची पाळी येते. संधिवाताने जखडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा दृष्टी गेलेल्या माणसाला बोलण्यावर चालणाऱ्या यंत्राने जे स्वातंत्र्य दिले आहे, त्याची थट्टा करणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल.

म्हणून प्रश्न शहाणपण घरात असावे की नसावे हा नाही. ते कोठे बसवावे हा आहे. माझे मत स्वच्छ आहे: शहाणपण दिव्यात न घालता बटणाच्या मागे घालावे. काडेपेटीहूनही लहान अशी रिले-मॉड्यूले आज बाजारात सर्रास मिळतात. ती बोर्डाच्या आत बसतात, जुने बटण जागेवर राहते, आणि दिवा बटणानेही लागतो, मोबाइलनेही आणि बोलूनही. राऊटर बंद पडला तरी बटण आपले काम करते, आणि दिवा नेहमीचा, स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा. यासाठी एकच गोष्ट लागते: बोर्डात न्यूट्रलची तार असली पाहिजे, कारण दिवा बंद असतानाही मॉड्यूलला स्वतःपुरती वीज हवी असते. अमेरिकेतील जुन्या घरांत बटणाच्या पेटीत पुष्कळदा ही तारच नसते, आणि २०११ सालापासून तेथील विद्युत संहितेने ती ठेवण्याचा नियम घातला. आपल्याकडे या बाबतीत सुदैव कामी आले. आपल्या बहुतेक बोर्डांवर बटणांच्या शेजारीच प्लगचा सॉकेट असतो, आणि सॉकेट म्हटला की न्यूट्रल आलीच. जिन्यातला दिवा, जो खाली लावून वर मालवायचा, तेवढा मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावा, कारण टू-वेच्या तारांत मॉड्यूल चुकीच्या जागी बसले की दोन बटणांचे भांडण सुरू होते. न्यूट्रलविना चालणारी मॉड्यूलेही मिळतात. ती दिव्यातूनच किंचित वीज झिरपवतात, आणि एलईडी दिवा बंद केल्यावरही भुतासारखा मिणमिणत राहतो, तेव्हा त्यांच्या वाटेस न जाणे बरे.

हे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाचे हट्टी मत आहे असे कोणास वाटत असेल, तर कारखानदारांची स्वतःची वाटचाल त्याने पाहावी. फिलिप्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘ह्यू’ दिवे बाजारात आणले, तेव्हा भिंतीवरच्या बटणाचे दिवस संपल्याचीच ती द्वाही होती. त्यानंतर त्याच दिव्यांसाठी भिंतीवर चिकटवायची वेगळी बटणे निघाली, आणि २०२१ साली, सिग्निफाय या नव्या नावाने चालणाऱ्या त्याच व्यवसायाने, घरातल्या जुन्या बटणामागे बसवायचे मॉड्यूल विकायला काढले. नऊ वर्षांची प्रदक्षिणा घालून स्वारी पुन्हा बटणापाशी आली. बीएलडीसी पंख्यांचेही तसेच झाले: आधी केवळ रिमोट, मग रिमोट हरवल्याच्या तक्रारी, आणि आता भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे पंखे. १८८४ साली न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने झटक्यात उघडझाप करणारे बटण तयार केले ते ठिणगी वाढून संपर्क जळू नयेत म्हणून; ते ‘टक्’ करणारे साधन तेव्हापासून आजतागायत मुळात बदललेले नाही, याचे श्रेय लोकांच्या आळसाला देणाऱ्यांशी माझे जमत नाही. ते बदलले नाही, कारण त्याच्याकडे पाहून दिव्याची स्थिती कळते, अंधारात ते हाताला लागते, आणि त्याने केलेले काम कोणी दुसरा दुरून परस्पर फिरवत नाही.

वसई-विरारमध्ये आज जे मनोरे उठत आहेत, त्यांच्या जाहिरातींत ‘स्मार्ट होम’ हे शब्द ठळक टायपात असतात. सदनिका घेणाऱ्याने बिल्डरच्या माणसाकडून आणखी काही नाही तरी एवढे लेखी घ्यावे, की प्रत्येक खोलीत हाताने चालणारे बटण राहील, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल असेल आणि फेज बटणातूनच दिव्याकडे जाईल. ज्यांची घरे उभीच आहेत त्यांनी वस्तू घेताना दुकानदाराला राऊटरचा प्लग काढायला सांगावा आणि मग भिंतीवरचे बटण दाबावे. दिवा लागला आणि विझला, तर खुशाल पैसे मोजावेत. नाही लागला, तर ते खोके तेथेच काउंटरवर ठेवून यावे.